बागबाजारची रहदारी आणि बोलणारी वाहने

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळी नदीच्या काठाला लागून, बागबाजार ही जुनी वस्ती आहे. नवीनचंद्र दास यांचा रसगुल्ला, शारदादेवींचे निवासस्थान आणि नाटककार गिरीशचंद्र घोष यांचे वास्तव्य यांमुळे बंगाली मनात या वस्तीला मोठे मानाचे स्थान आहे. मराठी वाचकाचे लक्ष मात्र तेथील एका लहानशा गल्लीच्या नावाकडे आधी जाईल. या गल्लीला आजही 'मराठा डिच लेन', म्हणजे मराठा खंदकाची गल्ली, असे म्हणतात. अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून आल्या. त्या स्वारांना बंगालीत 'बर्गी' हे नाव पडले. आपल्या 'बारगीर' या शब्दाचेच ते रूपांतर होय. या बर्गींच्या भयाने १७४२ साली कलकत्त्याच्या रहिवाशांनी स्वखर्चाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. सुमारे सहा महिन्यांत तीन मैलांचे काम झाले. पण मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि खंदक अपुराच राहिला. पुढे १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून त्या जागी सर्क्युलर रोड बांधण्यात आला. आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड हे त्याचेच दोन भाग होत.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण निव्वळ कुतूहल नव्हे. शहराचे रस्ते कोठून जावेत हे पुष्कळदा रहदारीच्या सोयीने ठरत नाही; ते एखाद्या खंदकाने, कालव्याने किंवा घाटाने ठरते, आणि एकदा दुतर्फा घरे उभी राहिली की तो निर्णय शतकानुशतके टिकतो. बागबाजारच्या पश्चिमेला नदी आहे आणि उत्तरेला कालवा आहे. पूर्वेला श्यामबाजारचा पाच रस्त्यांचा चौक आहे. नेताजी सुभाषचंद्रांचा अश्वारूढ पुतळा असलेल्या या चौकात दक्षिणेकडून विधान सरणी, आग्नेयेकडून आचार्य प्रफुल्लचंद्र रोड, पूर्वेकडून आर. जी. कर रोड, उत्तरेकडून बॅरकपूर ट्रंक रोड आणि पश्चिमेकडून भूपेन बोस अॅव्हेन्यू असे पाच मार्ग येऊन मिळतात. कोलकात्याच्या एकूण भूमीपैकी जेमतेम सहा ते सात टक्के भूमी रस्त्यांखाली आहे. श्यामबाजारचा चौक रुंद करावयाचा म्हटले, तर कोणाची तरी घरे पाडण्यावाचून दुसरा उपाय नाही.

जागा वाढविता येत नसेल, तर आहे त्या जागेचा आणि वेळेचा उपयोग अधिक विचाराने करणे एवढेच हाती उरते. त्यासाठी प्रथम हे कळावयास हवे की रहदारी नेमकी कोठे, केव्हा आणि किती अडते. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

टॉमटॉम ही नेदरलंड्समधील नकाशे तयार करणारी कंपनी दरवर्षी जगातील शहरांच्या वाहतुकीची तुलना प्रसिद्ध करते. तिच्या २०२४ सालच्या गणनेनुसार कोलकात्यात दहा किलोमीटर जाण्यास सरासरी ३४ मिनिटे ३३ सेकंद लागत होते. त्या यादीत जगातील सर्वांत संथ शहरांमध्ये कोलकात्याचा क्रमांक दुसरा होता. आपले पुणे ३३ मिनिटे २२ सेकंदांसह चौथे होते, हे वाचून पुणेकरांना आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. हे आकडे कोणी चौकात वही घेऊन उभे राहून मोजलेले नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांनी आणि त्यांत बसलेल्या माणसांच्या खिशातील उपकरणांनी ते आपोआप कळविलेले आहेत.

रहदारी मोजण्याची जुनी रीत म्हणजे एका जागी उभे राहून समोरून जाणारी वाहने मोजणे. पुढे डांबराखाली तारेची वेटोळी पुरण्यात आली. वरून धातूचे वाहन गेले की त्यांतील विद्युत्प्रवाहात फरक पडतो व नोंद होते. या रीतीचा दोष असा की ती एका बिंदूची हकीकत सांगते. दहा मिनिटांत शंभर वाहने गेली, एवढे तिच्यावरून कळते. त्या शंभरांपैकी प्रत्येकाने मागे किती वेळ खोळंबून काढला, हे कळत नाही. शिवाय कोंडी झालेल्या रस्त्यावरून थोडी वाहने जातात आणि मोकळ्या रस्त्यावरूनही थोडी वाहने जातात. नुसत्या संख्येवरून या दोन स्थितींतील भेद करता येत नाही. १९५४ साली इंग्लंडमध्ये वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ या दोघांनी एक निराळी युक्ती मांडली. निरीक्षकाने स्वतःच मोटारीत बसून प्रवाहाबरोबर जावे, आपल्याला किती वाहनांनी मागे टाकले व आपण किती वाहनांना मागे टाकले हे मोजावे, आणि त्यावरून संपूर्ण रस्त्याचा वेग व प्रवाह काढावा. निरीक्षक रस्त्याच्या कडेवरून उठून प्रवाहात येऊन बसला, हा या पद्धतीतील मोठा बदल होय. आजची बोलणारी वाहने हा त्याच कल्पनेचा विस्तार आहे. फरक इतकाच की आता निरीक्षक हजारो आहेत आणि आपण निरीक्षण करीत आहोत याचे भान त्यांच्यापैकी बहुतेकांना नसते.

मोबाईल फोन उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून आपले स्थान ठरवितो व ते काही सेकंदांच्या अंतराने दूरच्या संगणकाकडे धाडतो. दोन स्थानांमधील अंतराला मधल्या वेळाने भागले की वेग निघतो. ज्या नव्या मोटारींत असे यंत्र बसविलेलेच असते, त्या स्थानाखेरीज आणखीही पुष्कळ सांगू शकतात: ब्रेक किती जोराने दाबला गेला, चाक घसरले काय, काच पुसण्याचे यंत्र चालू आहे काय. एकाच वळणावर पाठोपाठ दहा मोटारींनी जोराने ब्रेक दाबला, तर तेथे खड्डा पडला आहे किंवा अपघात झाला आहे हे कोणी तक्रार करण्यापूर्वीच कळते. अशा वाहनांना 'जोडलेली वाहने' म्हणण्याचा प्रघात आहे.

सर्व वाहने बोलू लागल्यावाचून या माहितीचा उपयोग काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ८ फेब्रुवारी २००८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी नोकिया कंपनीच्या साहाय्याने याचा प्रयोग केला. शंभर मोटारींत फोन ठेवून त्या एका महामार्गावर दिवसभर फिरत्या ठेवण्यात आल्या. रस्त्यावरील दोन ते तीन टक्के वाहने बोलत असली तरी संपूर्ण प्रवाहाचा वेग पुरेशा अचूकपणे कळतो, असे त्यावरून दिसून आले. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी पातेल्यातील प्रत्येक शीत चेपून पाहत नाही, त्यातलाच हा प्रकार.

चौकातील दिव्यांसाठी ही माहिती कशी वापरतात, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका रस्त्यावरील सिग्नलची एक फेरी ९० सेकंदांची आहे. त्यांत ७० सेकंद लाल दिवा व २० सेकंद हिरवा दिवा असतो, असे धरू. लाल दिवा लागल्यावर ६० सेकंदांनी एक बोलणारी मोटार येऊन थांब-रेषेच्या मागे ६० मीटरवर उभी राहिली. उभे वाहन पुढच्या मोकळ्या जागेसह सुमारे सहा मीटर अडविते. तेव्हा या मोटारीच्या पुढे त्याच रांगेत दहा वाहने आहेत आणि ती साठ सेकंदांत जमली, म्हणजे दर सहा सेकंदांना एक वाहन येत आहे, असे अनुमान निघते. पुढची दहा वाहने एक शब्दही बोललेली नाहीत. त्यांची साक्ष अकराव्याने दिली. आता हिरवा दिवा लागला. रांगेतील वाहने साधारणपणे दोन सेकंदांना एक या गतीने चौक ओलांडतात. वीस सेकंदांत दहा वाहने गेली आणि अकरावी मोटार पुन्हा अडकली. एकाच चौकात दोनदा थांबलेले वाहन ही फार बोलकी खूण आहे. हिरवा दिवा अपुरा पडत आहे, असा तिचा अर्थ होतो.

हिशोब पुढे नेला तर त्याचे गांभीर्य ध्यानात येते. ९० सेकंदांत पंधरा वाहने येतात व दहा जातात. प्रत्येक फेरीत पाच उरतात. तासाला चाळीस फेऱ्या, म्हणजे तासाच्या अखेरीस एका रांगेत दोनशे वाहने आणि बाराशे मीटरांची शेपूट! ती मागचा चौक गिळून त्याच्याही पुढे जाते, आणि ज्यांना या रस्त्याने जावयाचेच नाही अशा वाहनांनाही अडवून धरते. याउलट हिरवा दिवा २० ऐवजी ३० सेकंद ठेवला तर पंधराच्या पंधरा वाहने निघून जातात आणि शेपूट वाढतच नाही. दहा सेकंदांनी एवढा फरक पडतो. ते दहा सेकंद कोठून तरी काढावे लागतात; पण समोरच्या एखाद्या रस्त्यावर हिरव्या दिव्याचे अखेरचे बारा सेकंद कोणतेच वाहन न जाता वाया जात आहेत, हेही बोलणारी वाहनेच सांगतात.

आता शंभरांत सहाच वाहने बोलत असली, तर पंधरा वाहनांच्या फेरीत सरासरीने एकही साक्षीदार मिळणार नाही. पण तासाला सहाशे वाहनांमागे छत्तीस साक्षीदार मिळतात, आणि कामाच्या दहा दिवसांतील तोच तास एकत्र केला तर तीनशे साठ. सोमवारची सकाळ मंगळवारच्या सकाळीपेक्षा फारशी निराळी नसते, या साध्या अनुभवावर ही सारी पद्धती उभी आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी बर्मिंगहॅम या छोट्या गावातील सर्व ३४ सिग्नलांचे वेळापत्रक जनरल मोटर्सच्या जोडलेल्या वाहनांकडून आलेल्या माहितीवरून नव्याने बसविले. तेथे बोलणाऱ्या वाहनांचे प्रमाण सुमारे सहा टक्केच होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार चौकांतील खोळंबा वीस टक्क्यांपर्यंत आणि थांबण्याची संख्या तीस टक्क्यांपर्यंत कमी झाली. रस्त्यात कोठेही नवे यंत्र पुरावे लागले नाही.

कोलकात्यातही असा प्रयत्न झाला आहे. गूगल कंपनीने आपल्या नकाशांचा वापर करणाऱ्यांच्या प्रवासावरून सिग्नलांच्या वेळा सुचविण्याचा एक उपक्रम हाती घेतला. २०२३ साली तो जगातील बारा शहरांतील सत्तर चौकांत चालू होता आणि त्यांत कोलकाता, बंगळूर व हैदराबाद ही तीन भारतीय शहरे होती. कोलकाता पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ पासून तेरा चौकांत या सूचना अमलात आणल्या, आणि परिणाम समाधानकारक असल्याचे त्यांच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. थांबण्यात तीस टक्क्यांपर्यंत व चौकातील धुरात दहा टक्क्यांपर्यंत घट होऊ शकेल, हा मात्र कंपनीचा स्वतःचा प्रारंभिक अंदाज आहे, आणि 'पर्यंत' हा शब्द अशा ठिकाणी सावधपणे वाचावा. उपक्रमाचा खरा गुण त्याच्या साधेपणात आहे. सूचना येते ती अमुक चौकात अमुक वेळी इतके सेकंद इकडचे तिकडे करा, एवढीच. ते करावयाचे की नाही हे पोलिसांनी ठरवावयाचे.

याचे मोल किती, हे बागबाजार व श्यामबाजारच्या रहिवाशांना अलीकडच्याच काळात कळले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण कोलकात्यातील माझेरहाटचा पूल कोसळला आणि शहरातील इतर जुन्या पुलांची तपासणी सुरू झाली. श्यामबाजारच्या उत्तरेला रेल्वेमार्गांवरून जाणारा टाला पूल धोक्याचा ठरला. २०१९ च्या सप्टेंबरात त्यावरून अवजड वाहनांना बंदी झाली. फेब्रुवारी २०२० पासून तो पूर्ण बंद करून पाडण्यात आला, आणि नवा पूल सप्टेंबर २०२२ मध्ये खुला झाला. मधल्या काळात उत्तरेकडील रहदारी बेलगाछियाच्या आणि चितपूरच्या लॉकगेटच्या बाजूने वळवावी लागली. जी वाट मोकळी राहील असे कागदावर दिसे तीच भरून जाई. आर. जी. कर हे उत्तर कोलकात्याचे मोठे सरकारी रुग्णालय याच रस्त्यांच्या बेचक्यात आहे. उत्तरेकडून रुग्णवाहिकेने येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने चौकातील दहा सेकंद हा कागदी हिशोब नसतो. पूल पडण्याच्या किंवा बंद होण्याच्या प्रसंगी गेल्या महिन्याचे वेळापत्रक निरुपयोगी ठरते; रहदारीने नवी वाट कोणती धरली हे तासातासाला कळावे लागते, आणि ते वाहनांखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही.

परंतु बर्मिंगहॅम वेगळे आणि बागबाजार वेगळे. मिशिगनमधील रांगेत मोटारीमागे मोटार उभी असते. बागबाजार स्ट्रीटवर मोटारीच्या पुढे हातगाडी, तिच्या बाजूला माणसाने ओढावयाची रिक्षा, मधल्या फटीत दोन दुचाक्या, आणि या सर्वांतून वाट काढीत नदीकडे निघालेली माणसे असतात. सहा मीटरला एक वाहन हा हिशोब तेथे कोलमडतो. त्याहून महत्त्वाचे असे की यांतील पुष्कळजण बोलतच नाहीत. सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान कळविणारे यंत्र असावे, असा नियम भारत सरकारने १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांना लागू केला. पण तीनचाकी वाहने व ई-रिक्षा त्यातून वगळल्या आहेत. हातरिक्षा ओढणाऱ्याचा प्रश्नच येत नाही. जो बोलत नाही तो संगणकाला दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्यासाठी सेकंद राखून ठेवण्याचे संगणकाला कारण नसते. वेळांची वाटणी केवळ बोलणाऱ्यांच्या साक्षीवरून केली, तर रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचे पाच सेकंद सहज एखाद्या मोटारीच्या पदरात पडतील.

मुक्यांना न पाहणारे हे यंत्र बोलक्यांकडून फसतेही. २०२० साली बर्लिनमधील सिमोन वेकर्ट या कलावंताने ९९ जुने मोबाईल फोन एका हातगाडीत घालून ती रिकाम्या रस्त्यांवरून सावकाश ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला! संगणकाने गाडीतील फोनांना कोंडीत सापडलेल्या मोटारी मानले होते.

दुसरा धोका अधिक व्यवहारातला आहे. एकीकडे तीच माहिती सिग्नलच्या वेळा सुधारते, तर दुसरीकडे प्रत्येक मोटारचालकाला वेगळी वाट दाखविते. मुख्य रस्ता भरला की फोन त्याला गल्लीत शिरावयास सांगतो, आणि त्याच्यामागून येणाऱ्या पन्नासांनाही तेच सांगतो. न्यूजर्सीतील लिओनिया या लहान गावाने या उपद्रवाला कंटाळून जानेवारी २०१८ मध्ये आपले साठएक रस्ते गर्दीच्या वेळी परक्या वाहनांना बंद केले. बागबाजारच्या गल्ल्यांत मुले खेळतात आणि ओट्यावर बसून माणसे गप्पा मारतात. कोलकात्यातील या ओटा-संस्कृतीबद्दल बंगाल्यांना रास्त अभिमान आहे. त्या गल्लीतून जाणारी मोटार दोन मिनिटे वाचविते हे नोंदले जाते. तिने गल्लीतून काय हिरावून घेतले याची नोंद होत नाही. दुर्गापूजेच्या दिवसांत तर सगळेच उलटते. बागबाजारची सार्वजनिक पूजा १९१९ पासूनची आहे. त्या रात्री रस्ता वाहनांचा नसतोच, आणि तेथे दोरखंड व पांढऱ्या गणवेशातील पोलिसच उपयोगी पडतात.

राहता राहिला गोपनीयतेचा प्रश्न. नावगाव काढून टाकलेल्या नोंदी निरुपद्रवी असतात, अशी समजूत आहे. ती खरी नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लक्ष लोकांच्या मोबाईल नोंदी तपासण्यात आल्या. माणूस कोठे व केव्हा होता अशा केवळ चार खुणा दिल्या असता ९५ टक्के माणसे इतरांतून निराळी ओळखता येत होती. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. चौकाच्या हिशोबाला कोण आले हे कळण्याची गरज नसते. किती आले आणि किती वेळ थांबले एवढे पुरते. तेव्हा प्रवासाचा आरंभ व शेवट कापून टाकून केवळ चौकाजवळचा तुकडा ठेवणे, हा सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

या माहितीचा मालक कोण, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. मराठ्यांच्या भयाने खणलेला खंदक अर्धवट का होईना, शहराचा होता. शहराच्या रस्त्यांवर निर्माण होणारी ही नोंद मात्र परदेशी कंपन्यांच्या संगणकांत साठते आणि शिफारशींच्या रूपाने परत येते. कंपनीने उद्या उपक्रम बंद केला तर चौक पुन्हा जुन्या वेळापत्रकावर जाईल. यावर एक तोड शहराच्या हातात आहे. बसगाड्यांतील यंत्रे सरकारी नियमानेच बसविली जातात. ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या थांब्यांवरून, पहाटेपासून रात्रीपर्यंत धावणारी बस हा रहदारीचा उत्तम साक्षीदार होय. ती थांब्यावर थांबते तो वेळ वजा करावा लागतो, इतकेच. बॅरकपूर ट्रंक रोडवरून श्यामबाजारकडे येणारी प्रत्येक बस टाला पुलावर किती वेळ अडली, भूपेन बोस अॅव्हेन्यूकडे वळताना तिला किती फेऱ्या थांबावे लागले, हे सांगू शकते. आणि तिच्यात चाळीस-पन्नास माणसे बसलेली व उभी असतात. वाहने मोजणाऱ्या हिशोबात ती आणि एकट्या चालकाची मोटार सारख्याच ठरतात. माणसे मोजणाऱ्या हिशोबात हिरव्या दिव्याचे दहा सेकंद कोणत्या रस्त्याला द्यावयाचे, याचे उत्तर निराळे येते.